पूररेषा ते गट क्रमांक : नांदेड-लातूरचा पूरधोका आणि ऑनलाइन नकाशे

मराठवाड्यातील पाण्याविषयी आजवर जे लेखन झाले त्यातील बहुतांश टंचाईविषयी आहे, आणि ज्या प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणाला २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले, त्या प्रदेशाबाबत तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण अनेक वर्षांनी भरले. २०२१ च्या सप्टेंबरात ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे झालेल्या पावसात याच धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले आणि मांजराकाठी अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात एका रात्रीत आलेल्या पुराने जीवितहानी झाली आणि बचावकार्यासाठी लष्कराची तुकडी पाचारण करावी लागली. टंचाई आणि पूर या दोन आपत्ती या भागात एकाच नदीखोऱ्यात, कधी कधी एकाच वर्षात येतात. टंचाईच्या नियोजनासाठी टँकर, विहीर अधिग्रहण, पाणीसाठ्याचे साप्ताहिक तक्ते अशी प्रशासकीय सवय गेल्या अनेक वर्षांत घडली. पुराच्या बाबतीत तशी सवय अद्याप घडलेली नाही आणि ती घडवण्याच्या कामी ऑनलाइन नकाशे कितपत उपयोगी पडू शकतात, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

आरंभी दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. ‘पूर’ आणि ‘पूरधोका’ या भिन्न गोष्टी आहेत. नदी पात्राबाहेर येणे हा पूर होय, आणि निर्जन माळावर आलेला पूर ही केवळ एक नैसर्गिक घटना असते. धोका तेव्हा निर्माण होतो जेव्हा त्या पाण्याच्या वाटेत घरे, गोठे, उभी पिके, रस्ते आणि माणसे असतात, आणि त्यांच्याजवळ वेळेत बाजूला होण्याचे साधन नसते. म्हणून पूरधोक्याचा नकाशा म्हणजे पाण्याचा विस्तार दाखवणारे चित्र एवढेच नव्हे. पाणी कोठवर येईल, तेथे कोण राहते आणि त्यांना निघायला वाट कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात एकत्र मिळावी लागतात. ऑनलाइन नकाशाचे वैशिष्ट्य असे की ही माहिती त्यात वेगवेगळ्या थरांच्या रूपाने साठवलेली असते. जमिनीची उंची हा एक थर, नद्या-ओढे हा दुसरा, घरे व रस्ते हा तिसरा, पावसाच्या ताज्या नोंदी हा चौथा. आणि पाहणारा हवे ते थर एकावर एक ठेवून, परिस्थिती बदलेल तसतसा तो नकाशा बदलताना पाहू शकतो. कागदी नकाशा छापला त्या दिवशीच जुना होऊ लागतो, आणि पुराच्या काळात तर तासातासाला चित्र पालटत असल्याने हा फरक निर्णायक ठरतो.

नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे या अभ्यासासाठी निवडण्यामागे त्यांच्या नद्यांची रचना हे मुख्य कारण आहे. नांदेड शहर गोदावरीच्या काठावर वसले आहे, आणि १७०८ मध्ये श्रीगुरू गोविंदसिंग यांचे येथे निर्वाण झाल्यापासून सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे शिखांचे एक प्रमुख तीर्थक्षेत्र म्हणून ते ओळखले जाते. नगीनाघाट, बंदाघाट, गोवर्धन घाट यांसारखे घाट, त्यांच्यालगतची जुनी वस्ती आणि यात्रेकरूंची वर्दळ हे सर्व नदीच्या अगदी निकट आहे. या शहरात येणारे पाणी मात्र प्रामुख्याने शहराच्या पावसाचे नसते. वरच्या अंगाला पैठण येथे जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे, ज्याची साठवणक्षमता सुमारे २,९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, असून त्याला २७ दरवाजे आहेत. त्याखाली माजलगाव धरणाकडून सिंदफणेचे आणि येलदरी-सिद्धेश्वर धरणांकडून पूर्णेचे पाणी गोदावरीत येते. शिवाय ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस, अंतेश्वर अशी बंधाऱ्यांची रांग आहे. या सर्वांच्या खाली, नांदेडच्या उशाशी, विष्णुपुरीचा शंकरराव चव्हाण प्रकल्प आहे आणि त्याची साठवणक्षमता केवळ ८० दलघमीच्या आसपास आहे.

या दोन आकड्यांचा परस्परसंबंध नीट पाहिल्याशिवाय नांदेडचा पूर समजत नाही. धरणातून सोडलेल्या पाण्याचा वेग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या परिमाणात सांगितला जातो; सुमारे ३५ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. वरून एक लाख क्युसेक पाणी येत राहिले, तर विष्णुपुरी पूर्णपणे रिकामे असले तरी ते साधारण आठ तासांत काठोकाठ भरते, आणि सप्टेंबर महिन्यात ते रिकामे क्वचितच असते. त्यामुळे विष्णुपुरी हे नांदेडला पुरापासून वाचवणारे धरण नव्हे, तर आलेले पाणी पुढे सोडणारे एक दार आहे. तेथील दरवाजे किती उघडले या बातमीकडे शहराचे लक्ष लागलेले असते, परंतु त्या बातमीचे मूळ एक-दोन दिवस आधी परभणी, बीड, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत घडून गेलेले असते. शहराच्या उत्तरेकडून येऊन शहराजवळच गोदावरीला मिळणाऱ्या आसना नदीने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण गोदावरी फुगलेली असताना आसनेच्या पाण्याला पुढे जायला वाव राहत नाही आणि ते मागे पसरते. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून झालेल्या मोठ्या विसर्गाने पैठणपासून गंगाखेड-नांदेडपर्यंत जो पूर आला, तो हेच स्पष्ट करून गेला की या नदीवर जिल्ह्यापुरता नकाशा काढणे म्हणजे गोष्टीचे शेवटचे पान तेवढे वाचणे होय.

लातूरची परिस्थिती निराळी आहे. लातूर शहर नदीकाठी नसून पठाराच्या उंचवट्यावर आहे; जिल्ह्याची मुख्य नदी मांजरा शहराच्या उत्तरेकडून जाते. बालाघाटच्या डोंगररांगेत बीड जिल्ह्याच्या पाटोदा भागात उगम पावून ती धनेगावच्या मांजरा धरणात येते, ज्याची क्षमता सुमारे २२४ दलघमी आहे. पुढे लातूर जिल्ह्यातून वाहताना तिच्यावर साई, नागझरी यांसारखे दरवाजांचे बंधारे आहेत, ज्यांना गावोगाव बॅरेज असेच म्हटले जाते. औराद शहाजानी परिसरात तिला तेरणा मिळते. त्यानंतर ती कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात आणि तेथून तेलंगणात शिरते. तेलंगणात, निजामाच्या राजवटीत १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या निजामसागर धरणातून बाहेर पडून ती उत्तरेकडे वळते आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून जाऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. लातूरच्या शेतातून निघालेले पाणी दोन राज्यांचा फेरा घालून पुन्हा नांदेडच्या वेशीवर येते, हे ज्याला नकाशावर एकदा दिसले, त्याला जिल्हानिहाय पूर नियोजनाची मर्यादा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नांदेडच्या पूर्वेकडील धर्माबाद आणि बिलोली तालुक्यांत तर पूर वरून येतो तसा खालूनही येतो. तेलंगणातील पोचमपाड येथील श्रीराम सागर जलाशयाचा पाणफुगवटा, म्हणजे धरणाने अडवलेले पाणी नदीच्या उलट दिशेने जेथवर साचते तो भाग, महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत पोहोचतो. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याविषयीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलेल्या निकालानुसार या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. हा वाद पाणीवाटपाचा म्हणून गाजला. परंतु पावसाळ्यात पोचमपाडची पातळी चढलेली असताना गोदावरी, मांजरा आणि लहान ओढे या सर्वांचा निचरा एकाच वेळी मंदावतो आणि शेतात दिवसेंदिवस पाणी तुंबून राहते, ही त्याची पूरविषयक बाजू तितकीच महत्त्वाची असून तिच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. अशा तुंबलेल्या पाण्याने माणसे वाहून जात नाहीत, म्हणून त्याची बातमी होत नाही. पण काढणीला आलेले सोयाबीन शेंगेतच कुजते आणि वर्षाचे उत्पन्न जाते.

पूरधोक्याचा नकाशा ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राज्याच्या पाटबंधारे विभागाने १९८९ मध्ये काढलेल्या परिपत्रकापासून नदीकाठी दोन रेषा आखण्याची पद्धत रूढ आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो अधिक असेल त्याचे पाणी जेथवर पोहोचते ती निळी रेषा. आणि सरासरी १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, किंवा वर धरण असल्यास त्याच्या सांडव्याच्या संकल्पित विसर्गाचा विचार करून आखलेली ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ असा पूर येऊन गेल्यावर शंभर वर्षे निश्चिंत राहावे असा नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि ती शक्यता जुन्या नोंदींवरून काढलेली असल्याने पावसाचे स्वरूप बदलल्यास रेषाही पुन्हा आखाव्या लागतात. या रेषा नगररचना विभागाच्या नकाशांवर असतात, बांधकाम परवानगीच्या वेळी त्या तपासल्या जातात; परंतु ज्याच्या घरावरून ती रेषा जाते त्या रहिवाशाला ती सहसा ठाऊक नसते. ऑनलाइन नकाशाचे पहिले काम म्हणूनच अगदी साधे आहे : सरकारदरबारी असलेली रेषा तिच्या खाली राहणाऱ्या माणसाला दिसू देणे.

दुसरे काम अधिक कठीण असून ते उंचीशी संबंधित आहे. पाणी उताराने जाते, म्हणून पूर कोठे पसरेल हे सांगण्यासाठी जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असावी लागते. अशी उंची देणारी विनामूल्य माहिती आज सहज उपलब्ध आहे. अमेरिकेच्या अंतराळयानातून फेब्रुवारी २००० मध्ये रडारने केलेल्या मोजणीतून एक, तर २००५ मध्ये सोडलेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दुसरी, असे दोन संच अभ्यासकांच्या नित्य वापरात आहेत, आणि दोहोंत साधारण तीस मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला एक उंची दिलेली असते. डोंगराळ भागात हे पुरेसे ठरते. गोदाकाठची काळी जमीन मात्र इतकी सपाट आहे की मीटर-दोन मीटरच्या फरकाने एक वस्ती कोरडी राहते आणि दुसरी कंबरभर पाण्यात जाते. या संचांतील चूक मात्र अनेकदा त्याहून मोठी असते, कारण उपग्रहाला झाडांचे शेंडे आणि घरांची छपरेही जमीनच वाटतात. तीस मीटरच्या एकाच चौकोनात नदीचा काठ, रस्त्याचा भराव आणि त्यामागचा खोलगट वाडा हे तिन्ही मावतात आणि तिघांना मिळून एकच आकडा मिळतो. पाण्याला अडवणारा किंवा वाट देणारा नेमका तो भरावच त्यातून नाहीसा होतो.

या अडचणीवर अभ्यासकांनी काढलेला एक मार्ग म्हणजे समुद्रसपाटीऐवजी सर्वांत जवळच्या ओढ्याच्या तळापासून जमीन किती उंच आहे हे मोजणे. अशा सापेक्ष उंचीच्या नकाशात ओढ्यापासून दोन मीटरच्या आत असलेली सर्व जमीन एका रंगात दिसते आणि पूरप्रवण भागाचा ढोबळ परंतु उपयुक्त अंदाज येतो. दुसरा मार्ग अधिक मूलगामी आहे. गावठाणातील प्रत्येक घराची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली, आणि तिच्याआधीच महाराष्ट्राने पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावात ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग केला होता. मालकी हक्कासाठी घेतलेल्या या अत्यंत स्पष्ट हवाई छायाचित्रांतून योग्य प्रक्रियेने जमिनीची बारीक उंचीही मिळवता येते. भूमी अभिलेख विभागाकडे एका कारणासाठी जमा झालेली ही माहिती पूरनियोजनासाठी वापरात आली, तर नदीकाठच्या गावांना वेगळ्या खर्चिक सर्वेक्षणाची वाट पाहावी लागणार नाही, आणि म्हणूनच या विवेचनात जे उपाय सुचवले आहेत त्यांत याला अग्रस्थान द्यावेसे वाटते.

पूर प्रत्यक्ष आलेला असताना तो आकाशातून पाहणे ही आणखी वेगळी बाब. पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेले असल्याने साध्या छायाचित्राचा उपयोग होत नाही. तेथे रडार उपग्रह लागतो, जो स्वतः लहरी सोडून त्यांचे परतणे टिपतो आणि ज्याला ढग व रात्र यांचा अडथळा होत नाही. स्थिर पाण्यावर पडलेली लहर आरशावर पडलेल्या उजेडाप्रमाणे दुसरीकडे निघून जाते, उपग्रहाकडे फारशी परतत नाही, त्यामुळे रडारच्या चित्रात पाणी काळे दिसते. भारताचे ईओएस-०४ आणि युरोपचे सेंटिनेल-१ हे उपग्रह या प्रकारचे असून, हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मोठ्या पुरांच्या वेळी असे नकाशे तयार करते आणि इस्रोच्या २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर ते पाहता येतात. राज्य पातळीवर नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या क्षेत्रात काम करते.

या चित्रांचे वाचन करताना मराठवाड्यातील पिकांचे भान ठेवावे लागते. मांजराकाठी उसाचे क्षेत्र मोठे आहे. सप्टेंबरात पुरुषभर उंचीच्या उसात गुडघाभर पाणी उभे असले तरी रडारची लहर पानांवरूनच परत फिरते, किंवा पाणी आणि उसाची कांडी या दोहोंवर आपटून अधिकच जोराने परतते, आणि चित्रात ते शेत काळे न दिसता उजळ दिसते. पलीकडच्या शेतातील आडवे झालेले सोयाबीन मात्र स्वच्छ काळे उमटते. केवळ अशा चित्राच्या आधारे नुकसान ठरवले, तर एका बांधाच्या दोन बाजूंच्या शेतकऱ्यांना दोन वेगळे न्याय मिळतील. शिवाय सेंटिनेल-१ चा एकच उपग्रह त्याच कक्षेतून त्याच जागी परत यायला बारा दिवस घेतो, आणि ओढ्याचा पूर तर रात्री चढून दुपारपर्यंत ओसरलेला असतो. गोदावरीच्या संथ, दिवसेंदिवस टिकणाऱ्या पुरासाठी हे साधन चांगले, मुखेडसारख्या पुरासाठी अपुरे, असा भेद येथे करणे भाग आहे.

पूर येण्यापूर्वी तो कळावा यासाठीच्या साधनांबाबतही हाच भेद लागू पडतो. केंद्रीय जल आयोगाने १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेवर पूर अंदाजाचे काम सुरू केले आणि आज देशभरातील केंद्रांच्या पातळ्या व अंदाज त्याच्या संकेतस्थळावर तसेच २०२३ मध्ये आलेल्या ‘फ्लडवॉच इंडिया’ या अॅपवर नकाशाच्या रूपात पाहायला मिळतात. नांदेड हे त्यांतील एक केंद्र आहे. गुगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून सुरुवात करून आपली पूर अंदाज सेवा २०२० पर्यंत भारतभर नेली. जुन्या पावसाच्या व प्रवाहाच्या नोंदींवरून संगणकाला शिकवून ती नदीचा पुढील काही दिवसांचा प्रवाह वर्तवते. ही सेवा विनामूल्य आणि पाहायला सोपी आहे. परंतु ज्या नदीवर पाठोपाठ धरणे आणि बंधारे आहेत, तिचा प्रवाह पावसाइतकाच दरवाजे चालवणाऱ्या अभियंत्यांच्या निर्णयावर अवलंबून असतो, आणि तो निर्णय पावसाच्या आकड्यांतून कोणत्याही संगणकाला कळू शकत नाही. गोदावरीच्या बाबतीत म्हणून जायकवाडीपासून बाभळीपर्यंतच्या प्रत्येक दरवाजाची ताजी स्थिती एकाच नकाशावर दिसणे, हे कोणत्याही प्रगत प्रारूपापेक्षा अधिक मोलाचे ठरेल. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस, पातळी आणि विसर्ग यांची स्वयंचलित नोंद घेणारी यंत्रणा यापूर्वीच उभी राहिली आहे. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीच्या निमित्ताने या यंत्रणेच्या त्रुटींची चर्चाही झाली. मराठवाड्याला तो अनुभव आयता उपलब्ध आहे.

मुखेडची घटना या सर्व चर्चेच्या कसोटीसारखी आहे. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री तालुक्यात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने जाहीर केले, आणि त्याच वेळी लातूर जिल्ह्यातील उदगीर भागातून व कर्नाटकाच्या हद्दीतूनही पाणी लेंडी नदीत उतरत होते. २०६ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस किलोमीटरवर वीस कोटी लिटरहून अधिक पाणी. आधीच्या पावसाने भिजलेली काळी माती फुगून तिच्या भेगा मिटलेल्या असल्या की त्यातील फार थोडे जिरते आणि उरलेले सारे ओढ्याला लागते. रावणगाव, हसनाळ, भासवाडी या बाधित गावांचा संबंध लेंडी प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्राशी होता, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळलेला होता. बुडीत क्षेत्राचा नकाशा म्हणजे पाणी कोठवर येणार याची प्रकल्पाच्या आरंभीच काढलेली रेषा. ती रेषा उपलब्ध होती, पावसाचे आकडेही येत होते, कारण महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसवणाऱ्या ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यात दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी आहेत. उणीव होती ती हे दोन थर एकमेकांवर ठेवून, उदगीरकडच्या मंडळांत इतका पाऊस पडला तर लेंडीकाठच्या अमुक गावांत इतक्या तासांत पाणी शिरेल, हे आधी काढून ठेवण्याची आणि त्या गावांना रात्री उठवण्याची. हवामान विभागाने २०२० मध्ये सुरू केलेली, लहान पाणलोटांसाठी सहा तास आधी इशारा देणारी आकस्मिक पूर मार्गदर्शन प्रणाली याच प्रकारच्या घटनांसाठी आहे. तिचा इशारा गावाच्या नावापर्यंत पोहोचवण्याचे काम जिल्ह्याने करावयाचे आहे.

इशारा माणसापर्यंत कोणत्या भाषेत पोहोचतो, याकडे तंत्रज्ञानाविषयीच्या लेखनात पुरेसे लक्ष दिले जात नाही. नांदेडच्या जुन्या पुलावर गोदावरीची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३५४ मीटर मानली जाते. ‘पातळी ३५३ मीटर, वाढती’ हा संदेश अभियंत्याला पुरेसा आहे. नावघाट किंवा गंगाचाळीत राहणाऱ्या कुटुंबाला त्यातून काहीही बोध होत नाही, कारण आपला उंबरठा किती मीटरवर आहे हे त्याला माहीत नसते. ऑनलाइन नकाशाच्या मदतीने हे भाषांतर आधीच करून ठेवता येते : जुन्या पुलावर अमुक पातळी झाली की कोणत्या घाटाच्या पायऱ्या बुडतात, त्यानंतर कोणती गल्ली, कोणता रस्ता बंद होतो आणि कोणती शाळा निवाऱ्यासाठी कोरडी राहते, अशी अर्ध्या-अर्ध्या मीटरची यादी प्रत्येक प्रभागासाठी तयार करून ती महानगरपालिकेच्या फलकावर व भ्रमणध्वनीवर उपलब्ध ठेवता येते. ग्रामीण भागात हीच यादी वेगळ्या वस्तूंची होते. नदीला पाणी सोडणार असे कळताच शेतकऱ्याची पहिली धावपळ काठावरची मोटार, पाइप आणि स्टार्टर वर काढण्याची व जनावरे हलवण्याची असते, आणि त्यासाठी त्याला दोन-चार तास दिवसाउजेडी मिळाले की हजारो रुपयांचे नुकसान टळते. ‘सतर्क राहावे’ एवढ्याने त्याचे भागत नाही; किती वाजता पाणी त्याच्या शिवारात पोहोचेल, हे त्याला हवे असते.

हे सर्व नकाशे वरून खाली येतात. गावाकडून वर जाणारी माहितीही तितकीच आवश्यक आहे. कोणत्या वर्षीच्या पुरात पाणी मारुतीच्या पारापर्यंत आले, कोणत्या वर्षी शाळेच्या भिंतीला लागले, हे प्रत्येक नदीकाठच्या गावातील वयस्कर माणसांना ठाऊक असते. त्या खुणांची उंची मोजून त्या नकाशावर टाकल्या, तर संगणकाने काढलेली पूररेषा बरोबर की चूक हे तपासण्याचे याहून भरवशाचे साधन नाही. जगभरातील स्वयंसेवकांनी २००४ पासून उभारलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर, तसेच क्यूजीआयएस या विनामूल्य संगणक प्रणालीत अशी भर कोणालाही घालता येते. २०१० च्या हैती भूकंपानंतर मदत पथकांनी वापरलेला नकाशा अशाच स्वयंसेवकांनी काही दिवसांत तयार केला होता. नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि श्री गुरुगोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था या दोन्ही संस्था विष्णुपुरीच्या परिसरात, गोदावरीच्या अगदी जवळ आहेत, आणि विद्यापीठाचे उपकेंद्र लातुरात आहे. पूरखुणांची नोंद आणि फरशी पुलांची मोजणी ही दोन कामे विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी करावीत इतकी आवाक्यातील आहेत. फरशी पूल, म्हणजे थोड्या पाण्यातही बुडणारे कमी उंचीचे पूल, यांचा स्वतंत्र उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण वाहून जाण्याच्या दुर्घटना बहुधा तेथेच होतात आणि सर्वसाधारण मार्गदर्शक नकाशे त्यांना इतर पुलांसारखाच चालू रस्ता म्हणून दाखवतात. वाहनचालकाला पर्यायी वाट सुचवणाऱ्या नकाशानेच बुडालेल्या पुलाकडे पाठवावे, हे टाळण्यासारखे आहे.

पूर ओसरल्यानंतर नकाशाचे काम संपत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनामे सुरू होतात. परंतु मंडळातील पर्जन्यमापक ज्या गावात आहे तेथे ५० मिलिमीटर आणि आठ किलोमीटरवर ढग फुटल्यासारखा पाऊस, असे घडू शकते, आणि वरच्या तालुक्यातील पावसाने आलेल्या नदीच्या पुरात तर बुडालेल्या शिवारात पाऊसच नसण्याची शक्यता असते. महाभूनकाशा या संकेतस्थळावर गावाचा नकाशा गट क्रमांकांसह पाहता येतो आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाचे छायाचित्र स्थाननिश्चितीसह नोंदवतो. उपग्रहाने टिपलेला पाण्याचा विस्तार, गट क्रमांक आणि पीक पाहणी हे तीन थर एकत्र आणल्यास कोणत्या गटातील किती क्षेत्र, कोणते पीक, किती दिवस पाण्याखाली होते याची प्राथमिक यादी तलाठ्याच्या हाती पंचनाम्यापूर्वीच देता येईल. उसासंबंधी वर सांगितलेल्या त्रुटीमुळे ही यादी अंतिम मानता येणार नाही, आणि खरडून गेलेली जमीन, म्हणजे जिच्यावरील सुपीक मातीचा थरच पुराने वाहून नेला ती, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही; मात्र कोठून पाहणीला सुरुवात करावी हे तरी अशा यादीने ठरेल.

एक प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवमधील गावे उद्ध्वस्त केली; त्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमातून महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखड्यांची परंपरा सुरू झाली, आणि संपूर्ण गावे नव्या जागी वसवताना त्या जागेची निवड किती वादाची असते याचा अनुभवही याच जिल्ह्यांनी घेतला. जागेचा असाच वाद पुराच्या बाबतीतही उद्भवतो : पूररेषेचा स्पष्ट, सर्वांना दिसणारा नकाशा प्रसिद्ध झाला की निळ्या रेषेच्या आतील भूखंडाची किंमत उतरते, बांधकाम परवाने अडतात, आणि नकाशा अडवून ठेवण्याचा दबाव निर्माण होतो. तो दबाव मानणे म्हणजे माहिती असलेल्याने जागा विकून मोकळे व्हावे आणि माहिती नसलेल्याने ती घ्यावी, अशी व्यवस्था चालू ठेवणे होय. दुसरीकडे, त्या रेषेच्या आत आजही राहणारी कुटुंबे बहुतेक गरीब असतात. घाटालगतच्या किंवा ओढ्याकाठच्या वस्तीत ती राहतात ते रोजगार जवळ आणि भाडे परवडणारे म्हणून. त्यांच्या घरावर केवळ लाल-निळा रंग चढवून त्यांना बेकायदा ठरवणारा नकाशा त्यांच्या उपयोगाचा नाही. म्हणून पूरधोक्याच्या प्रत्येक नकाशावर, कोणत्या वस्त्या बुडतात या थरासोबतच, त्याच गावात किंवा प्रभागात उंचावर असलेली शासकीय, गायरान किंवा महानगरपालिकेची कोणती जागा घरांसाठी देता येईल, हा थरही तयार करून तो त्याच दिवशी प्रसिद्ध करावा लागेल.